डिसेंबरात आई आणि ८ वर्षांच्या मुलीला घेऊन नाशिकला येतोय. पाण्याकाठी पक्षी पाहायला गंगापूर धरण बरं की नांदूर मध्यमेश्वर?

पक्षी पाहायचे असतील तर नांदूर मध्यमेश्वर, आणि तेही सकाळी लवकर. गंगापूर धरणाला संध्याकाळ द्या. सूर्यास्त सुरेख दिसतो, शिवाय नवश्या गणपती आणि सोमेश्वर त्याच बाजूला आहेत, आईंचं दर्शनही होईल. पण तिथलं पाणी खोल आहे. चिखलात चोच खुपसून पोट भरणाऱ्या पक्ष्यांना खोल पाण्याचा काय उपयोग?

नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा मिळतात. कालव्यांना पाणी देण्यासाठी इंग्रजांच्या काळात तिथे बंधारा घातला गेला आणि पुढची शंभर वर्षं दोन्ही नद्यांचा गाळ त्याच्यामागे साचत राहिला. पाणी साठवणाऱ्याच्या हिशेबात हा निव्वळ तोटा, पण त्याच गाळातून उथळ पाणी, बेटं, पाणगवत, शंख-शिंपले, मासे असं सगळं उभं राहिलं. १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आल्याचं जाहीर झालं. त्या यादीतली महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ जागा. शहरात नदीचा काठ फरशी-काँक्रीटने बांधून काढतात त्याला सुशोभीकरण म्हणतात. इथला चिखल पाहिल्यापासून मला तो शब्दच नकोसा झालाय.

नाशिकहून साधारण ४० किलोमीटर. चापडगावच्या बाजूला या, तिथे निरीक्षण मनोरे आहेत. आम्ही पहिल्यांदा गेलो ते दुपारी, जेवण आटोपून, दहा-बारा जणांचा गलका घेऊन. लांब पाण्यावर काळे ठिपके दिसले, तेवढेच. पुढच्या वेळी मी आणि मुलगा दोघेच गेलो आणि गावातला एक गाइड सोबत घेतला. त्याने दुर्बीण लावून दिली आणि म्हणाला, "आता इथून हलू नका." तासभर आम्ही खरंच हललो नाही. आधी नुसतं गवत दिसत होतं, त्यातून हळूहळू जांभळ्या पाणकोंबड्या बाहेर येऊ लागल्या. गाइड घ्याच. त्या पोरांना कुठला थवा कुठे उतरतो ते ठाऊक असतं.

मुलीला आधी तीन पक्षी ओळखायला शिकवा. पहिला हळदी-कुंकू बदक. काळ्या चोचीच्या टोकाला हळद आणि मुळाशी कुंकवाचे ठिपके, एकदा दाखवलं की मूल विसरत नाही. दुसरा वारकरी, काळाभोर, कपाळावर पांढरा टिळा. तिसरा कमळपक्षी, जो लांबच लांब बोटांच्या जोरावर तरंगत्या पानांवरून चालतो. मग थापट्या आणि चक्रवाक ही बदकं दाखवा आणि सांगा की हे पाहुणे हिमालय ओलांडून आलेत. माझ्या मुलाने तेव्हा विचारलं होतं, "यांना रस्ता कोण सांगतं?" मला उत्तर देता आलं नाही. रोहित (फ्लेमिंगो) मात्र दिसतीलच असं तिला कबूल करू नका, ते पाण्याच्या पातळीवर असतं. कालव्यांना आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलं की पातळी बदलते आणि पक्षी जागा बदलतात.

शहराचं सांडपाणी आणि पाणवेली नदीबरोबर खाली तिथवर येतात, ते पाहून जीव तुटतो. निदान आपण डबा-पाणी घरून न्यावं आणि कागदाचा कपटाही तिथे टाकू नये.

थंडीचं मनावर घ्या. हा भाग निफाड तालुक्यात येतो. निफाडचा पारा थंडीच्या दिवसांत पेपरात पहिल्या पानावर येतो तो उगाच नाही. मुलीला कानटोपी, आईंना शाल आणि पायमोजे हवेतच. घडीची खुर्चीही गाडीत टाका. माझ्या आईला फार चालवत नाही, म्हणून तिला पाण्याच्या कडेला खुर्चीवर बसवून आम्ही पुढे गेलो होतो. परत आलो तर तिने आमच्यापेक्षा जास्त पक्षी पाहिले होते.