पहिल्याच वसंतात बागेचा घाट घालताय?

सगळं एकदम लावू नका. घरात रोज जे चिरलं जातं तेवढंच घ्या: कोथिंबीर, पुदिना, छोटा लाल मुळा, फार तर टोमॅटोची दोन रोपं. मुळा मुलांच्या हवाली करा. 25-30 दिवसांत हाती येतो, तोवर त्यांचा उत्साह टिकतो. पालाही टाकू नका, लसूण घालून परतला की झकास लागतो.

धणे लाटण्याने हलकेच रगडून दोन फाका करून पेरा, भुगा नको. वर बोटाच्या अर्ध्या पेराएवढी माती पुरे. आठवडाभर काहीच दिसत नाही, म्हणून कुंडी उकरत बसू नका (हे मोठ्यांनाच सांगावं लागतं!). ऊन तापलं की कोथिंबीर फुलावर येते, तेव्हा दर पंधरवड्याला थोडी थोडी पेरत राहा.

टोमॅटोची खालची पानं खुडून खोड खोल पुरा. पुरलेल्या भागालाही मुळं फुटतात. पुदिना मात्र स्वतंत्र कुंडीत, नाहीतर सगळ्यांच्या जागेत घुसतो.

पाणी रोज ठरल्या वेळी ओतू नका. बोट खुपसून बघा, पेरभर माती कोरडी लागली तरच घाला. आणि कोथिंबीर खुडायची ती भाजी शिजत आल्यावरच.