हॅम्बुर्गजवळ आई-वडिलांना झेपतील अशा सोप्या पायवाटा कोणत्या? विल्सेडेला घोडागाडी करावी का?

तुम्ही लिहिलंय की आई-बाबा (६८ आणि ७२) ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांसाठी येतायत, बाबांचे गुडघे कुरकुरतात, तुमच्याकडे गाडी नाही, आणि जंगल, जांभळ्या फुलांचं माळरान नि एखादं जुनं गाव असं सगळं पायी दाखवायचं आहे.

विल्सेडे हे हॅम्बुर्गच्या दक्षिणेला ल्यूनेबुर्ग हाइडे या माळरानातलं छोटं गाव (हाइडे म्हणजेच माळरान), उंडेलोह हे त्याच्या जवळचं. तिथे जाताना घोडागाडी करू नका. इथल्या मराठी मंडळींत कोणाचे आई-वडील येणार म्हटलं की पहिला सल्ला हाच मिळतो: ‘म्हाताऱ्या माणसांना कशाला चालवता, उंडेलोहहून घोडागाडीत बसवा, विल्सेडे दाखवा, परत आणा.’ चार वर्षांपूर्वी मीही तो ऐकला. सासऱ्यांची कंबर जुनी दुखरी, म्हणून गाडीच केली. उंडेलोह ते विल्सेडे साधारण चार-साडेचार किलोमीटर. त्या रस्त्यावर कुठे दगड बसवलेले आहेत, कुठे भुसभुशीत वाळू आहे. दगडांवरून चाक गेलं की प्रत्येक दणका बाकावरून थेट मणक्यात. जाऊन पोचलो तेव्हा सासऱ्यांना सरळ उभं राहता येईना. विल्सेडेत ओकच्या झाडांखाली वीस मिनिटं हळूहळू फेऱ्या मारल्यावर पाठ मोकळी झाली आणि ते म्हणाले, आता मी चालतच येणार. परतीचं अंतर पाच ठिकाणी बसत, दोन तासांत, दोघंही आरामात चालले. दुसऱ्या दिवशी पाय थोडे भरून आले होते, कंबरेची तक्रार मात्र नव्हती.

गुडघेदुखीच्या माणसाचं तर आणखी वेगळं. त्याला सपाटीवर चालणं जड जात नाही. जड जातं ते उंच पायरीवर एका पायावर सगळा भार टाकून गाडीत चढणं, आणि त्याहून जास्त उतरणं. हे बाबांना बुकिंगच्या आधी सांगा, गाडीपाशी पोचल्यावर नको.

आता वाटेबद्दल. ल्यूनेबुर्ग हाइडेत किलोमीटर बघून वाट निवडू नका, जमीन बघून निवडा. सगळा प्रदेश हिमयुगात साचलेल्या वाळूचा. सगळ्यात उंच टेकडी विल्सेडर बेर्ग, तीही जेमतेम १६९ मीटर, त्यामुळे चढाची भीती नाही. दमवते ती वाळू. घट्ट वाटेवर सत्तरीचा माणूस तासाला तीन किलोमीटर जातो, सुट्या वाळूत दोन. पाऊल मागे सरकतं आणि पोटऱ्या भरून येतात. म्हणून गाडीवाटेच्या मधोमध चालू नका. बहुतेक ठिकाणी तिला समांतर, पायांनी तुडवून घट्ट झालेली अरुंद पायवाट असते, ती धरा. पाऊस पडून गेल्याचा दुसरा दिवस सर्वांत चांगला, कारण ओली वाळू बसते. आठवडाभर कोरडं गेलं असेल तर अंतर निम्मं करा.

बूट: जाळीचे रनिंग शूज नकोत. जाळीतून बारीक वाळू आत जाते आणि दोन किलोमीटरवर टाचेला फोड येतो. वरून बंद, थोडे कडक तळव्याचे बूट हवेत, आणि ते भारतातूनच वापरून सैल करून आणायला सांगा. चालायच्या काठ्या दोन घ्या, एक नको. एका काठीने माणूस त्या बाजूला कलून चालतो आणि दुसरा गुडघा धरतो. काठीच्या टोकाचं रबर वाळूत काढायचं, गावातल्या दगडी रस्त्यावर परत लावायचं. पाणी माणशी एक लिटर. मोकळ्या माळावर नळ नाही, स्वच्छतागृह नाही, सावली तर नाहीच. ते सगळं गावात किंवा पार्किंगपाशी उरकून निघा.

गाडी नसल्याची काळजी करू नका. १५ जुलै ते १५ ऑक्टोबर हाइडे-शटल नावाच्या फुकट बसेस या भागात फिरतात. बुखहोल्ट्स किंवा हांडेलोहपर्यंत ट्रेनने जाऊन तिथून उंडेलोहची शटल पकडता येते. परतीची शेवटची बस सकाळीच बघून ठेवा, संध्याकाळी नाही. विल्सेडेत मोटारगाड्या येत नाहीत, त्यामुळे बस चुकली तर टॅक्सीसाठीही आधी उंडेलोहपर्यंत चालावंच लागेल.

फुलांची तारीख इथले लोक ८/८ ते ९/९ (८ ऑगस्ट ते ९ सप्टेंबर) अशी सांगतात, आणि ढोबळमानाने ती बरोबर आहे. पण २०१८ सारखं कोरडं वर्ष आलं तर झुडपं तपकिरीच राहतात. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यातला एखादा दिवस मोकळा ठेवा आणि फुलोऱ्याची खबर घेऊन जा. शनिवार-रविवार टाळा. सकाळी नऊच्या आधी माळावर पोचलात तर ऊन तिरपं असतं, रंग गडद दिसतो आणि मधाचा वास येतो. विल्सेडेहून टोटेनग्रुंडच्या काठापर्यंत दीडेक किलोमीटर आहे. नावात ‘मृत’ आहे म्हणून घाबरू नका. खोलगट वाडग्यासारखी दरी आहे, आत जुनिपरची उभी काळपट झुडपं आणि भोवती जांभळा उतार. काठावरून बघून परत फिरा, बाबांना खाली उतरवू नका. गुडघ्याला उतारच नडतो.

तुमचे बाबा तिथे उभे राहून नक्की म्हणतील, ‘बघा, यांनी निसर्ग कसा हात न लावता राखलाय.’ आमच्याकडेही हेच म्हटलं गेलं आणि मी तेव्हाही वाद घातला होता. हा माळ हात लावल्यामुळेच आहे. शेतकरी शेकडो वर्षं इथली झुडपं मुळांच्या मातीसकट खरवडून गोठ्यात अंथरायचे आणि मग ते शेणखत शेतात टाकायचे. कोकणात राबासाठी डोंगरावरचा पाला नि फांद्या शेतात आणतात, तसाच हा प्रकार. माळाचा कस शेतात गेला, माळ नापीक राहिला, आणि नापीक जमिनीत हाइडेचं जांभळ्या फुलांचं झुडूप टिकलं. आजही हाइडश्नुके जातीच्या मेंढ्या, काळ्या तोंडाच्या, करड्या लोकरीच्या, शिंगांच्या, झुडपांचे शेंडे आणि बर्च-पाइनची रोपं खातात म्हणून माळ माळ राहतो. मेंढ्या काढून घ्या, काही वर्षांत तिथे जंगल दिसेल. एक पाद्री, विल्हेल्म बोडे, यांनी १९०६ साली टोटेनग्रुंड विकत घ्यायची खटपट केली नसती तर तिथे बंगले उठले असते, हेही खरं. पण जमीन घेऊन कुंपण घातल्याने हे टिकलं नाही, मेंढपाळ राहिला म्हणून टिकलं. धनगरांच्या मेंढरांनी डोंगर बोडके केले असं जे सरसकट म्हणतात, त्यांना इथे आणून दाखवावंसं वाटतं. (आपल्या सह्याद्रीतला पाऊस आणि माती वेगळी आहे, इथला हिशेब तिथे जसाच्या तसा लागू होणार नाही, एवढं मान्य.)

गोचीड मात्र गंभीरपणे घ्या. वाटेच्या कडेच्या गवतात असतात. आईंना साडी नको, काठ झुडपांत अडकतो. चुडीदार घालून कडा मोज्यात खोचायला सांगा. घरी आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, केसांच्या रेषेवर बघा. लागलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, हळू ओढून काढा. आई खोबरेल तेल लावा म्हणतील. लावू नका, तूपही नको: गुदमरलेली गोचीड लाळ ओकते आणि बोरेलियाचा (लाइम आजाराचा) जंतू आत जाण्याची शक्यता वाढते. त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारं लाल कडं दिसलं तर लगेच डॉक्टरकडे. कडं भारतात परतल्यावर उठलं तर तिथल्या डॉक्टरला ‘जर्मनीत गोचीड चावली होती’ हे आवर्जून सांगायचं, नाहीतर कोणी नायट्याचं मलम देईल.

पहिल्याच दिवशी विल्सेडेला जाऊ नका. आधी घराजवळ चाचणी घ्या. हॅम्बुर्गच्या हद्दीतच फिशबेकर हाइडे आहे, एस-बानने (शहराच्या लोकलने) जाता येतं. आधी जंगल, मग माळ. थकले तर लगेच परत. दुसरी चाचणी ब्युझेनबाखटाल: याच नावाचं छोटं स्टेशन आहे, उतरलं की ओढ्याकाठची तीन-चार किलोमीटरची फेरी. गाड्या विरळ आहेत, परतीची वेळ फोटो काढून ठेवा. या दोन्ही ठिकाणांहून हाइडश्नुकेनवेग ही लांब पल्ल्याची पायवाट जाते, २२३ किलोमीटरची, खुणेला ‘एच’ हे अक्षर. तिचे पूर्ण टप्पे तुमच्यासाठी नाहीत. फिशबेक-बुखहोल्ट्स हा पहिलाच टप्पा २६ किलोमीटरचा आहे.

जुनं गाव म्हणजे ल्यूनेबुर्ग, आणि ते वेगळ्या दिवशी. माळ आणि गाव एकाच दिवसात कोंबलंत तर दोन्ही वाया. हॅम्बुर्गहून ट्रेनने अर्धा-पाऊण तास. बुधवारी किंवा शनिवारी जा, टाउन हॉलसमोर बाजार भरतो. स्टेशनहून आम सांडे चौक, तिथून मिशाएलिस चर्च, आउफ डेम मेरे ही गल्ली, टाउन हॉल, नदीकाठची जुनी क्रेन आणि परत स्टेशन: तीन-साडेतीन किलोमीटर. सपाट आहे, पण गोल डोक्यांचे दगड. आउफ डेम मेरेत ते सर्वांत वाईट. इथे काठीला रबर हवंच, आणि नजर खाली.

पण नजर वर करावीशी वाटेल अशीच घरं आहेत. या गावाखाली मिठाचा मोठा साठा. हजार वर्षांहून जास्त काळ खारं पाणी उपसून, उकळून मीठ काढलं, कारखाना १९८० साली बंद झाला. खालचं मीठ विरघळत गेलं तशी वरची जमीन खचली. मिशाएलिस चर्चच्या बाजूला दाराच्या चौकटी तिरक्या, खिडक्यांच्या ओळी वाकलेल्या दिसतील. संगीतकार बाख याच चर्चच्या शाळेत १७०० पासून दोनेक वर्षं शिकला. टाउन हॉलजवळच्या एका घराची भिंत गर्भारणीच्या पोटासारखी पुढे आली आहे. तिचं कारण मात्र मीठ नाही. विटा जोडायच्या मसाल्यातलं जिप्सम जास्त भाजलं गेलं होतं, ते ओल धरून फुगत गेलं. कोणी सांगेल की मिठाच्या भट्ट्यांसाठी जंगल तोडलं म्हणून माळ झाला. गोष्ट सांगायला सोपी आहे, पण मिठाच्या कारखान्यांआधीच इथे चराऊ माळ होते.

कालकबेर्ग टेकडीवरून सगळं गाव दिसतं, पण पायऱ्या आहेत. बाबांना खाली बाकावर बसवा, आईंना घेऊन जा.

खाण्याचं: आई-बाबा शाकाहारी असतील तर कार्टोफेलपुफर, म्हणजे बटाट्याचे तळलेले थालीपीठवजा चकत्या, सहसा मिळतात; त्यात अंडं असतं. कुट्टूच्या पिठाचा केक इथला खास. मधल्या क्रीममध्ये जिलेटिन घातलंय का ते विचारा. माळावरच्या हॉटेलांत रोख पैसे जवळ ठेवा. दशम्या आणि कोरडी चटणी बरोबर असली तर सगळ्यात बरं.

येण्याआधी सहा आठवडे बाबांना रोज चालायला सांगा, पहिल्या आठवड्यात एक किलोमीटर, शेवटी चार. यातलं काहीच ते घरी करू शकले नाहीत, दोन किलोमीटरला गुडघा सुजत असेल, तर माझं वरचं सगळं म्हणणं बाजूला ठेवा आणि घोडागाडीच करा. आधी कळवलं तर व्हीलचेअर चढवता येईल अशाही गाड्या मिळतात. बसायला जाड उशी घरून न्या.