खुब्याचे हाड मोडल्यानंतर : वाचकांचे प्रश्न, अस्थिशल्यविशारदांची उत्तरे

प्रश्न : माझी आई ७९ वर्षांची असून तिला मधुमेह आणि रक्तदाब आहे. पहाटे लघवीला उठली असता न्हाणीघरात पाय घसरून ती पडली आणि खुब्याजवळ मांडीचे हाड मोडले. डॉक्टर बॉल (खुब्याच्या सांध्यातले मांडीच्या हाडाचे गोल टोक) बदलण्याचे ऑपरेशन लगेच करा म्हणतात. नातेवाइकांच्या मते या वयात भूल झेपणार नाही. आमच्या मावशीचे हाड पायाला वजन लावून, दीड-दोन महिने झोपवून जुळले होते. काय करावे? – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखा हा प्रश्न नसल्यामुळे या उत्तराची प्रत तुम्हाला आधीच पाठवली आहे. ऑपरेशन करून घ्यावे, आणि ते शक्य तितक्या लवकर, असेच माझे मत आहे.

तुमच्या मावशींचे हाड बहुधा थोडे खाली, जिथे मांडीच्या हाडाला बाहेरून उंचवटा असतो त्या भागात मोडले असावे. तिथे रक्तपुरवठा भरपूर असल्याने हाड जुळते खरे, पण नुसते झोपवून ठेवल्यास ते बहुतेकदा वाकडे जुळते. त्यांचा तो पाय आखूड झाला आहे का आणि पाऊल बाहेर वळलेले राहते का, हे एकदा पाहावे. आज तिथेही रॉड टाकून रुग्णाला लवकर उभे केले जाते. तुमच्या आईंना बॉल बदलायला सांगितले आहे, त्या अर्थी त्यांचे हाड सांध्याच्या आत, बॉलच्या लगेच खालच्या मानेत मोडून सरकलेले असणार. बॉलला रक्त पोहोचवणाऱ्या बारीक वाहिन्या या मानेला लगटूनच वर जातात. हाड सरकले की त्या तुटतात आणि बॉल निर्जीव होण्याचा किंवा हाड मुळीच न जुळण्याचा धोका राहतो. तरुण रुग्णात स्वतःचा बॉल वाचवण्यासाठी आम्ही घाईने हाड बसवून स्क्रू लावतो, कारण कृत्रिम सांधा त्याला अनेक दशके पुरेलच असे नाही. ऐंशीच्या घरात मात्र दुसऱ्या ऑपरेशनची वेळ येऊ न देणे महत्त्वाचे असते, म्हणून बॉलच बदलतात. पडण्यापूर्वी त्या स्वतंत्रपणे हिंडत-फिरत असतील, तर बॉलबरोबर तो ज्यात फिरतो ती कमरेच्या हाडातली वाटीही बदलायची का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

आता भुलेविषयी. हे ऑपरेशन बहुतेकदा कमरेत इंजेक्शन देऊन होते. धोका असतोच, आणि तो लपवण्यात अर्थ नाही : खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातील एक जण, काही ठिकाणी त्याहून अधिक, वर्षभरात दगावतो असे अनेक देशांतील अनुभव सांगतात. परंतु अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध माणसाला न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, पायातील रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊ शकते, आणि दुखण्यामुळे कूस बदलता येत नसल्याने हे सगळे वेगाने घडते. म्हणून नातेवाइकांनी ऑपरेशनच्या धोक्याची तुलना महिनोन्‌महिने अंथरुणात पडून राहण्याशी करायला हवी. घरी मात्र ती बहुधा धडधाकट माणसाशी केली जाते. शक्यतो ४८ तासांच्या आत ऑपरेशन व्हावे असे आम्ही मानतो. साखर वाढलेली असेल तर इन्शुलिनने ती लवकर आटोक्यात आणता येते, त्यासाठी आठवडा घालवू नये. हृदयविकाराचा ताजा झटका किंवा अनियंत्रित हृदयक्रिया यांसारखी कारणे मात्र थांबण्याजोगी आहेत, आणि तो निर्णय फिजिशियन व भूलतज्ज्ञांनी मिळून घ्यायचा. तोवर तेल लावून चोळणे, पाय ओढणे हे प्रकार कोणालाही करू देऊ नयेत. पायाखाली उशी आणि मांडीतल्या नसेजवळ दिलेले बधिरतेचे इंजेक्शन याने पुष्कळ आराम पडतो.

खर्चाची काळजी असल्यास, ७० वर्षे व त्यावरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता २०२४पासून आयुष्मान कार्ड मिळते. रुग्णालय त्या योजनेत आहे का, हे दाखल होतानाच विचारावे.

ऑपरेशननंतर बहुधा दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभे करतात. आई 'नको' म्हणतील, पण ऐकू नये. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडले याचा अर्थ हाडे ठिसूळ झाली आहेत, आणि त्यावरचे उपचार आपल्याकडे सर्रास राहून जातात. टाके निघाले की सारे विसरतात आणि मग दुसरा खुबा मोडतो. मूत्रपिंडाची तपासणी करून वर्षातून एकदा शिरेतून देण्याचे औषध, त्याबरोबर कॅल्शियम व ड जीवनसत्त्व, यांविषयी घरी सोडण्यापूर्वीच विचारावे. पहाटे उठताना चक्कर येते का, रक्तदाबाची गोळी कधी घेतात आणि मोतीबिंदू आहे का, हेही पाहावे.

प्रश्न : सासूबाईंचा बॉल बदलून दीड महिना झाला. त्यांना पूजेला पाटावर मांडी घालून बसायचे आहे. चालेल का? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : अजून नको. सांधा निखळण्याची भीती पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असते. खुबा मागून उघडून ऑपरेशन केले असेल, तर नुसत्या मांडी घालण्यापेक्षा जमिनीवरून उठताना खुबा काटकोनापलीकडे वाकून गुडघा आत वळणे अधिक घातक ठरते. तूर्त पूजा उंच चौरंगावर मांडून त्यांना हात असलेल्या खुर्चीवर बसवावे आणि संडासात कमोडची उंच खुर्ची ठेवावी. पुढे परवानगी द्यायची की नाही, हे ऑपरेशन कोणत्या बाजूने केले यावर अवलंबून असल्याने ते त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावे. एकाएकी तीव्र कळ येऊन पाय आखूड दिसू लागला आणि टेकवेनासा झाला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.