ताटावरून होणारे भांडण

"मॅडम, जेव म्हटलं तर भांडण होतं आणि गप्प बसलं तर ती उपाशी झोपते. मी नेमकं करू काय?" खाण्याच्या विकाराने ग्रासलेल्या मुलामुलींचे पालक हा प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात. ज्या आईची हकिकत येथे सांगत आहे (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत), तिने तो खुर्चीत नीट बसण्याआधीच विचारला होता.

तिची मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत शिकणारी. सुरुवात संकष्टीच्या उपवासाने झाली, मग सोमवार आला, मग गुरुवार. घरात उपवासाला मान असल्यामुळे कुणाला काही खटकले नाही. आजीला तर कौतुकच वाटले, आणि एका लग्नात नातेवाइकांनी "किती छान बारीक झालीस" अशी पावतीही दिली. पुढे साबुदाण्याची खिचडी जाऊन नुसते ताक उरले, तीन महिने पाळी आली नाही आणि भर मे महिन्यात मुलगी स्वेटर घालून बसू लागली, तेव्हा आई घाबरली. याच काळात मुलगी तासन्‌तास पाककृतींचे व्हिडिओ पाहत होती आणि धाकट्या भावासाठी केक करत होती, त्यामुळे हे सगळे नाटक आहे असे वडिलांनी ठरवून टाकले होते.

मी बोलणे थांबवून त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवले. नाडीचे ठोके, रक्तदाब, ईसीजी आणि रक्तातील पोटॅशियम तपासल्याशिवाय अशा रुग्णाचे समुपदेशन सुरू करणे मला धोक्याचे वाटते. शिवाय बराच काळ उपाशी राहिलेल्या शरीराला प्रेमापोटी एकदम भरपूर खाऊ घातले, तर रक्तातील क्षारांचे प्रमाण घसरून जीवावर बेतू शकते. आहार वाढवायचा तो वैद्यकीय देखरेखीखालीच. निदान ॲनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणे टाळत राहण्याचा आजार, असे झाले.

वडिलांना मी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये झालेल्या प्रयोगाविषयी सांगितले. ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. खाण्याचा कोणताही विकार नसलेले ते तरुण दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, चिडचिडे झाले, आणि त्यांतले काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले. म्हणजे मुलीचे केक हे नाटक नव्हते, ती उपासमारीची खूण होती. अशा मनाला युक्तिवादाने पटवता येत नाही, आधी त्याला अन्न मिळावे लागते. हे ऐकून वडील बराच वेळ काही बोलले नाहीत.

दरम्यान आईने एक उद्योग केला होता. तिने वरणात गुपचूप जास्तीचे तूप घातले, मुलीला ते कळले आणि तेव्हापासून ती घरचे वरण वासावरून तपासू लागली. हेतू समजण्यासारखा होता, पण या आजारात फसवणूक फार महागात पडते. चूक माझ्याकडूनही झाली. रोज किती खाल्ले याची वही ठेवायला मी आईला सांगितले, आणि दोन आठवड्यांत त्या वहीने आईचा पोलीस करून टाकला. वही मी बंद करवली.

त्यानंतर आम्ही कुटुंबावर आधारित उपचारांची वाट धरली. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात आकाराला आलेल्या या पद्धतीत आजाराचा दोष आईवडिलांना दिला जात नाही, मात्र ताटात काय आणि किती वाढायचे हा निर्णय काही काळ त्यांच्याकडे सोपवला जातो. आहारतज्ज्ञांनी आखून दिलेले ताट उघडपणे वाढायचे, त्यावर घासाघीस करायची नाही, कॅलरी, वजन आणि दिसणे हे विषय जेवताना काढायचे नाहीत, आणि ती रडली-ओरडली तरी शेजारून उठायचे नाही. "तुला भीती वाटतेय हे दिसतंय मला. मी इथेच बसलेय," एवढे वाक्य आईने पाठ केले. उपवास डॉक्टरांच्या सांगण्यावरून बंद झाले, आणि आजीने स्वतःहून देवघरात तसे सांगून टाकले. माझ्या कुठल्याही बोलण्यापेक्षा मुलीला त्याचा आधार अधिक वाटला असावा.

पहिले दीड महिने भयंकर गेले. एकदा ताट भिंतीवर आदळले. दुसऱ्या दिवशी तेवढेच ताट पुन्हा वाढले गेले, आणि त्या घटनेचा उल्लेख कुणीही केला नाही. वजन हळूहळू वाढले, सहाव्या महिन्यात पाळी आली. आता वडिलांचा प्रश्न आहे की ताट पुन्हा तिच्या हाती कधी द्यायचे. सध्या रविवारचा नाश्ता तेवढा ती स्वतः वाढून घेते.