गावाजवळ दारूमुक्तीची सभा नसेल, तर जावे कोठे?

आपण विचारले आहे की, आपले गाव तालुक्यापासून अठरा किलोमीटर आत आहे, आपल्याला दारू सोडायची आहे, पण अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची (एए, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेली संघटना) सभा जवळपास कोठे भरते हे कोणालाच ठाऊक नाही, आणि गेलोच तर ओळखीचे कोणी भेटेल अशी धास्ती वाटते. मी यवतमाळ जिल्ह्यातील कापूस पिकवणारा शेतकरी आहे. हीच धास्ती बाळगून मी दोन हंगाम घालवले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सभेच्या आधीची एक गोष्ट महत्त्वाची आहे. सकाळी उठल्याबरोबर घेतल्याशिवाय आपल्या हाताची थरथर थांबत नसेल, तर मनाचा हिय्या करून एकदम बंद करू नका. शेवटच्या घोटानंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होऊन जिवावर बेतू शकते. आधी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात दाखवा. ते दिवस औषधांच्या आधाराने सुखरूप पार पडतात. घरच्यांनाही सांगून ठेवा की, कोणी दिलेली दारू सोडवण्याची गोळी चहात किंवा भाजीत चोरून मिसळू नये. आमच्याकडे हा प्रकार चालतो, आणि अशा गोळ्यांपैकी डायसल्फिराम नावाची गोळी पोटात असताना माणूस न कळत प्यायला, तर त्याचा रक्तदाब कोसळू शकतो.

आता सभेचा पत्ता. मला तो त्याच मानसोपचार विभागात मिळाला. जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रातही विचारावे, कारण एएचे सदस्य अशा केंद्रांमध्ये जाऊन रुग्णांशी बोलत असतात. एएच्या संकेतस्थळावर सभांची माहिती असते, आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक आहे. आपण गडचिरोली जिल्ह्यातील असाल, तर तेथे २०१६ पासून चालणाऱ्या ‘मुक्तिपथ’ या दारू-तंबाखूमुक्तीच्या अभियानाकडे जरूर चौकशी करा. वर्धा किंवा गडचिरोलीसारख्या दारूबंदीच्या जिल्ह्यात राहणारे काही जण, आपण पितो हे कबूल केले तर पोलिसांत प्रकरण जाईल, या भीतीने डॉक्टरांशीही बोलत नाहीत. डॉक्टरांकडे आपण उपचारासाठी जातो. तेथे काहीही लपवू नये.

खरी अडचण अंतराची आहे, आणि तिचा विचार आधीच करावा लागतो. मला मिळालेली पहिली सभा संध्याकाळी सात वाजता होती आणि आमच्या गावाची शेवटची एसटी साडेसातला सुटत असे. मी रविवारी सकाळी भरणारी दुसरी सभा शोधली, त्यासाठी पंचेचाळीस किलोमीटर जावे लागे. जाणे सोपे होते. येणे कठीण होते. सभा संपल्यावर बसस्थानकावर तासभर थांबावे लागे, समोर देशी दारूचे दुकान, आणि चुकाऱ्याचे दिवस असले म्हणजे खिशात पैसे. तिसऱ्या रविवारी मी त्याच दुकानात गेलो. पुढच्या रविवारी ते सभेत सांगितले. तेव्हा कोणीही रागावले नाही. एका वयस्क सदस्याने एवढेच ठरवून दिले की, बस लागेपर्यंत त्यांच्याशी फोनवर बोलत राहायचे. पुढचे चार महिने आम्ही त्या तासात सोयाबीनचा भाव, पाऊस, मुलांच्या शाळा अशा विषयांवर बोललो. आपणही पहिल्याच दिवशी असा एक फोन नंबर मागून घ्या. ज्या रविवारी जाणे होणार नाही, त्या दिवशी ऑनलाइन सभेला बसावे, पण सुरुवातीचे काही महिने प्रत्यक्ष जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सभेत काय होते, याची भीती बाळगू नका. वर्गणी नाही, फॉर्म नाही, दारू थांबवण्याची इच्छा ही एकच अट. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन येथे एएची सुरुवात झाली. बोलायचे नसेल तर ‘मी आज फक्त ऐकतो’ एवढे म्हटले तरी चालते. आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते. तेथील काही मंडळींनी मला विचारले होते की, हा नवीन पंथ आहे का. तो पंथ नाही. दारूपासून दूर राहण्यासाठी एएने सांगितलेल्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे, पण ज्याने त्याने तो आपल्या समजुतीप्रमाणे घ्यायचा असतो. आपल्या पत्नीला यायचे असेल, तर खुल्या सभेला आणावे. बंद सभा फक्त पिणाऱ्यांची असते. कुटुंबीयांसाठी अल-अॅनॉन हा वेगळा गट आहे.

राहिला ओळखीचा प्रश्न. पहिल्या दिवशी मी दाराजवळच्या बाकावर, शाळेतील लहान मुलांच्या त्या बुटक्या बाकावर गुडघे वर करून बसलो, आणि मान वर केली तर समोर आमच्याच मार्गावरील एसटीचे कंडक्टर. मला उठून पळावेसे वाटले. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी स्वतःचे पहिले नाव सांगितले आणि स्वतःला अल्कोहोलिक म्हटले. दुसऱ्या दिवशी बसमध्ये ते नेहमीसारखे माझ्याजवळ आले, तिकीट दिले, सुटे पैसे मोजून हातावर ठेवले आणि पुढच्या प्रवाशाकडे वळले. त्या बसमध्ये आमच्या गावचे निदान दहा जण होते.