कोसोवो हा देश आहे की नाही? थोडक्यात माहिती मिळेल का?

आहे, असं मी म्हणेन. पण भारत सरकार तसं म्हणत नाही, हेही आधीच सांगतो.

सर्बिया, माँटेनेग्रो, अल्बानिया आणि उत्तर मॅसेडोनिया यांच्या मधोमध हा भूवेष्टित प्रदेश आहे. क्षेत्रफळ १०,८८७ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याहून जरासं जास्त. लोकवस्ती सोळा लाखांच्या आसपास, त्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक अल्बेनियन, बहुतेक मुस्लिम. राजधानी प्रिश्टिना. चलन युरो, पण युरोपीय संघात प्रवेश नाही. १७ फेब्रुवारी २००८ ला त्यांनी सर्बियापासून स्वातंत्र्य जाहीर केलं.

मी जर्मनीत नोकरी करतो. माझा एक सहकारी कोसोवोचा. त्याचं माध्यमिक शिक्षण शाळेत झालंच नाही, कुणाच्या तरी घरातल्या खोलीत जमिनीवर बसून झालं. १९८९ मध्ये सर्बियाचा नेता मिलोसेविच याने कोसोवोची स्वायत्तता काढून घेतली. पुढे अल्बेनियन भाषेतल्या शिक्षणावर गदा आली, विद्यापीठाची दारं बंद झाली. तेव्हा इब्राहिम रुगोवा यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी घरं, तळघरं, गॅरेज रिकामी करून वर्ग भरवले. परदेशातले कोसोवोकर मिळकतीतले तीन टक्के पाठवायचे, त्यातून शिक्षकांना मानधन मिळायचं. शेवटी हातात पडणाऱ्या दाखल्यावर 'कोसोवो प्रजासत्ताक' असा शिक्का असायचा, आणि त्या प्रजासत्ताकाला अल्बानियाखेरीज कुणीच ओळखत नव्हतं. सहकाऱ्याने तो दाखला अजून जपून ठेवलाय. माझ्या मते हा देश २००८ मध्ये नाही, त्या खोल्यांमध्ये उभा राहिला.

रुगोवांच्या अहिंसक मार्गाने काही पदरात पडत नाही असं वाटून तरुण बंदुकीकडे वळले. १९९८-९९ च्या युद्धात आठ लाखांहून जास्त अल्बेनियन देशोधडीला लागले. नाटोने ७८ दिवस बॉम्बहल्ले केल्यावर सर्बियन फौजा निघाल्या आणि युनोचं प्रशासन आलं. मग सूडाची पाळी सर्बांवर आणि रोमा लोकांवर आली. मार्च २००४ च्या दंगलीत कितीतरी ऑर्थोडॉक्स चर्च जाळली गेली. ही बाजू अनेक जण गाळतात, ती गाळू नये. सर्बांसाठी ही ऑटोमन तुर्कांशी झालेल्या १३८९ च्या लढाईची आणि देचानी, ग्राचानित्सासारख्या मठांची भूमी आहे, त्यांचं दुःखही खरं आहे. आजही उत्तरेत मित्रोविचा शहरात इबार नदीच्या एका काठाला अल्बेनियन, दुसऱ्या काठाला सर्ब अशी विभागणी आहे.

मान्यतेचं म्हणाल तर अमेरिका, जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन यांनी ती दिली. सर्बिया, रशिया, चीन, भारत यांनी नाही. युरोपीय संघातल्याही स्पेन, ग्रीस, सायप्रस, रोमानिया, स्लोव्हाकिया या पाच देशांनी नाही. स्वातंत्र्याची घोषणा आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग करत नाही, असं मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१० मध्ये दिलं, तरी रशिया-चीनच्या नकाराधिकारापुढे युनोचं सदस्यत्व अडलेलंच आहे.

याची झळ साध्या माणसांना बसते. २०१८ मध्ये दिल्लीत महिलांची जागतिक बॉक्सिंग स्पर्धा भरली, तेव्हा कोसोवोच्या खेळाडूला आपण व्हिसा दिला नाही. मला ते फार लागलं. दोनच वर्षं आधी, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये, माय्लिंदा केल्मेंदीने ज्युदोत सुवर्ण जिंकून या देशाला पहिलं पदक मिळवून दिलं होतं. शेंगेन देशांत व्हिसाशिवाय जायची मुभाही त्यांना थेट १ जानेवारी २०२४ पासून मिळाली.

जायचा विचार असेल तर प्रिझ्रेन शहर चुकवू नका: जुना दगडी पूल, सिनान पाशाची मशीद, वर किल्ला. फक्त एक सांभाळा. अल्बानिया किंवा मॅसेडोनियातून कोसोवोत शिरलात, तर तिथून थेट सर्बियात जाऊ नका. सर्बियाच्या लेखी तुम्ही त्यांच्या देशात विनापरवाना घुसलेले असता आणि सीमेवरून परत पाठवतात.