रान उभं ठेवून मुलीचं पोट भरेल का?

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यात आमची डोंगरउताराची सामायिक जागा आहे. सातबाऱ्यावर सतरा नावं. दर काही वर्षांनी लाकूडतोडवाला येतो आणि उभं रान उक्तं मागतो. मुलगी चिपळूणला बी.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजातल्या व्याख्यानात तिने जंगलाच्या प्रमाणपत्राबद्दल ऐकलं. तेव्हापासून ती तोडीला विरोध करते आणि याच कामात करिअर करायचं म्हणते. यात नोकरी आहे का, की तिला एमपीएससीच्या अभ्यासाला बसवावं? – एक पालक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : तुमच्या पत्रातला 'सतरा नावं' हा उल्लेख मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. तुमच्या मुलीचं पुढचं काम बरंचसं तिथेच दडलेलं आहे.

आधी हे प्रमाणपत्र काय असतं ते सांगते. जंगलातून लाकूड किंवा वनोपज काढताना कायदा पाळला, मजुरांना योग्य दाम आणि सुरक्षितता दिली, पाण्याचे झरे आणि जुनी झाडं राखली, जेवढं वाढतं त्याहून जास्त काढलं नाही, याची त्रयस्थाने जागेवर येऊन केलेली तपासणी म्हणजे हे प्रमाणपत्र. यातली सगळ्यात परिचित व्यवस्था एफएससीची, म्हणजे फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल या आंतरराष्ट्रीय संस्थेची. ती १९९३मध्ये सुरू झाली. प्रमाणपत्र पाच वर्षांचं असतं आणि तपासणी दरवर्षी होते. पीईएफसी ही अशीच दुसरी आंतरराष्ट्रीय व्यवस्था. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२३मध्ये भारतीय वन व काष्ठ प्रमाणीकरण योजना आणली. शेताच्या बांधावरची, खाजगी जागेतली झाडंही तिच्यात बसतात. योजना चालवण्याचं काम भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेकडे, म्हणजे आयआयएफएमकडे आहे.

आता अडचण पाहा. तपासनीस बोलवायचा तर त्याची फी, प्रवास, कागदपत्रं आली. चार-पाच एकरवाल्याला हा खर्च झेपत नाही. म्हणून लहान मालकांसाठी गटाने प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे. प्रमाणपत्र गटाच्या नावावर असतं आणि तपासनीस दरवर्षी काही सभासदांच्याच जागा नमुन्यादाखल बघतो. बाकीच्यांची जबाबदारी गट चालवणाऱ्या माणसावर. कुठल्या जागेत ऐनाची झाडं किती, किंजळाची किती, कुठे झरा, कुठे देवराईची हद्द लागते, तोडीचा परवाना घेतला का, याची नोंद तो ठेवतो. आणि त्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो तो सातबाऱ्याला. जागा कुणाची हे स्पष्ट नसेल तर पुढचं काहीच होत नाही. एक भाऊ गावात, दोन मुंबईला, एका मयताची वारसनोंद राहिलेली, असं कोकणात घरोघरी आहे. झाडं ओळखणारे पदवीधर मिळतात. सतरा जणांना एका कागदावर आणणारं माणूस मिळत नाही. ही माणसं घडायला हवीत असं मला मनापासून वाटतं. तुमची मुलगी हे लहानपणापासून बघत आली आहे आणि हे शिक्षण तिला कुठल्याही कॉलेजात मिळणार नाही.

पैसा कुठून येईल, हा तुमचा खरा प्रश्न. प्रमाणपत्र मिळालं म्हणून भाव आपोआप वाढत नाही. तसं मागणारा खरेदीदार लागतो आणि तो आधी शोधावा लागतो. सह्याद्रीत याचं एक उदाहरण आहे. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशनने उत्तर सह्याद्रीत हिरडा आणि बेहड्यासाठी फेअरवाइल्ड प्रमाणीकरणाचं काम केलं. जंगलातून गोळा केलेल्या वनस्पतींसाठी ही वेगळी व्यवस्था आहे. बेहड्याचं जुनं झाड लाकडासाठी पाडलं की एकदाच पैसे मिळतात, राखलं तर फळं वर्षानुवर्षं. त्याच्या ढोलीत धनेश पक्षी घरटं करतो, तेही टिकतं. तुमच्या जागेत बेहडे किती, हे तुम्हाला माहीत आहे का?

सामूहिक जंगलाची गोष्ट आणखी निराळी. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे आपलं जंगल सांभाळण्याचा आणि वापरण्याचा गावाचा कायदेशीर हक्क, मिळाला आणि २०११मध्ये ग्रामसभेने स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकला. अशा ग्रामसभांनाही मोजणी आणि आराखडा करणारी माणसं लागतात.

नोकऱ्यांबद्दल स्पष्ट सांगते, त्या थोड्या आहेत. प्रमाणीकरण संस्थांत तपासनीस, लाकडी वस्तू निर्यात करणाऱ्या किंवा कागद बनवणाऱ्या कंपन्यांत कच्च्या मालाचा माग ठेवणारे, आणि स्वयंसेवी संस्थांत गटाचं काम बघणारे. सुरुवातीचा पगार सरकारी नोकरीसारखा निश्चिंत करणारा नसतो आणि फिरती भरपूर असते. दुसरीकडे, युरोपने जंगलतोडीविरोधात केलेल्या कायद्यामुळे तिथे लाकडी माल विकणाऱ्याला झाड कुठल्या जागेत वाढलं ते अक्षांश-रेखांशांसह दाखवावं लागणार आहे. ही माहिती गोळा करणाऱ्यांची गरज वाढेल, असं माझं मत आहे.

शिक्षणाचे दोन चांगले रस्ते दिसतात. पदवीनंतर डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या अभिमत विद्यापीठात वानिकीची एम.एस्सी., किंवा कॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयएफएममध्ये वन व्यवस्थापनाची एमबीए. ज्यांची मुलं अजून बारावीला आहेत त्यांच्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठात वानिकीची चार वर्षांची पदवी आहेच. सोबत जीपीएस आणि नकाशाचं सॉफ्टवेअर तिने आतापासून शिकावं. एमपीएससीचं म्हणाल तर वनसेवेची परीक्षाही तीच घेते आणि वनस्पतिशास्त्राची पदवी तिथे चालते. तो अभ्यास तिला दोन्हीकडे उपयोगी पडेल, पण तिच्या मनाविरुद्ध बसवू नका.

या थंडीत बेहडा पडायला लागला की तिला जागेत पाठवा. छातीच्या उंचीवर प्रत्येक मोठ्या झाडाचा घेर मोजून वहीत लिहू दे, खाली पडलेली फळं वजन करू दे. मे महिन्यात मुंबईकर घरी आले की ती वही सतराही जणांसमोर तिनेच मांडावी, तुम्ही नुसतं शेजारी बसा. तोवर लाकूडतोडवाल्याकडून विसार घेऊ नका.